जुन्या पत्त्यावरचा तारा

आमचे मालक तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी लिहीत होते. सोलापुरात गल्लीला चार सिद्राम. कुठला सिद्राम कुणाचा, हे वेगळं काढण्यात ह्यांची नोकरी सरली. कुणी नुसतं नाव सांगितलं की ह्यांचा जीव खालीवर. माझा सख्खा भाऊ आला, तरी आधी आजोबाचं नाव विचारणार, मग चहा!

रिटायर झाल्यावर शहराबाहेर कुंभारीत घर बांधलं. गच्चीवर दुर्बीण आली आन मला सवत मिळाली. रूपविकारी तारे म्हणं. कधी उजेड जास्त, कधी कमी. मी म्हटलं, "त्याला दुर्बीण कशाला? हितं बसा की, माझं तोंड बघा."

सहा वर्षं खपून ह्यांना कुठल्याच यादीत नसलेला असा एक तारा घावला. परदेशातल्या यादीवाल्यांनी त्याला नवा नंबर दिला आन शोधणाऱ्याच्या जागी ह्यांचं नाव लिहिलं. बार्शीच्या एका कॉलेजानं सत्कार ठरवला. मी लई मिरवले. खोटं कशाला बोलू, नवी इरकल घेतली.

सत्काराला चार दिवस होते. भाषणासाठी म्हणून ताऱ्यांची जुनी यादी चाळता चाळता ह्यांनी ती एकदम मिटून ठेवली. दुपारी जेवले न्हाईत. मी खनपटीला बसले तवा बोलले, "शिवबाई, हा तारा चाळीस वर्षांमागं कुणीतरी नोंदवलाय."

झालं असं, की पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, म्हणून ताऱ्यांचे आभाळातले पत्ते सरकतात आन पन्नासेक वर्षांनी नव्यानं लिहावे लागतात. ह्यांनी नवा पत्ता घेऊन जुन्या यादीत शोधलं. कसा घावंल? घरनंबर बदललेल्या गल्लीत असंच होतं. आन लोकांना जन्मभर "जुना नंबर का नवा?" असं दरडावणारा हा माणूस!

"कुणाला कळलंय?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग गप बसा की! एका ताऱ्याला दोन नावं असली तर कुणाचं काय जातंय?"

"अगं, त्याची निम्मी निरीक्षणं एका नावाखाली, निम्मी दुसऱ्या. उद्या अभ्यास करणाऱ्यानं काय करायचं? एका माणसाचे दोन दाखले निघाले की केवढा घोळ होतो, मी बघितलंय."

"आन तुमची सहा वर्षं?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला, वाईटबी वाटलं. एवढं खरं कशाला वागायचं माणसानं!

संध्याकाळी ह्यांनी मोबाईलवर त्या यादीवाल्यांना पत्र लिहिलं. दोन्ही नोंदी एकाच ताऱ्याच्या आहेत, माझी रद्द करावी. लिहून झालं तरी तासभर मोबाईल हातातच. मग माझ्यापुढं धरला. म्हणाले, "पाठवायचं बटण माझ्याच्यानं दाबवत न्हाय. तू दाब."

मी लग्नापासून ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं न्हाय. त्या दिवशी माझ्या हातानं खोडलं.