पायगुण

शिक्षिका व्हायला आलेल्या मुलींना मी पुढं बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. घडलेल्या गोष्टीत अर्थ नसतो, माणूस तो आपल्या मनानं रचतो, असं मी फळ्यावर लिहायची आणि मुली निमूट उतरवून घ्यायच्या. एखादं उदाहरण द्या, असं एकीनंही कधी म्हटलं नाही. बरंच झालं. उदाहरण माझ्या चपलेतच होतं.

लग्न होऊन मी सोनईजवळच्या वस्तीवर नांदायला गेले आणि पंधरवड्यात यांना हायस्कुलात विज्ञानाच्या मास्तराची नोकरी लागली. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "सुनंचा पायगुन लई चांगला हाय." मलाही गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. यांनी डोळे फोडून केलेल्या अभ्यासाचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर आटली आणि मी पांढऱ्या पायाची झाले. पाय तेच. नोकरी आता सासूबाईंच्या नवसानं लागली होती, माझ्या वाट्याला तेवढी कोरडी विहीर आली. अख्ख्या जिल्ह्यात ठणठणाट, चांगल्या घरच्या बायका रस्त्यावर खडी फोडत होत्या. पण आमच्या घरापुरता दुष्काळ मी माहेराहून आणला होता. येता येता भंडारदऱ्याचं धरणही मीच पिऊन आले असणार.

यांना जमिनीतल्या पाण्याचे थर तोंडपाठ. वर्गात आकृती काढून समजावायचे. घरी मात्र म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. पण आईच्या मनानं घेतलंय. विहिरीचं काम होईस्तोवर माहेरी जाऊन ये." आणि न मानणाऱ्या या माणसानं माझी पिशवी स्वतः एस.टी.त चढवून दिली. मला परत न्यायला कधी येणार, ते काही बोलले नाहीत.

माहेर संगमनेरजवळ. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि सासूबाईंचा यथेच्छ उद्धार केला. "अडाणी मेली. पाऊस काय माझ्या लेकीच्या पायाला बांधलाय?" माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं, काय सांगू. निदान या घरात माझे पाय नुसते पाय होते.

सासरी सुरुंग लावून विहीर खोल करायचं काम चाललं होतं. आठवडा झाला नसेल, धाकटे दीर आले. खुशीत होते. ओट्यावर टेकायच्या आतच म्हणाले, "वैनी, हिरीला पानी लागलं. तुमी गेला अन् लगीच लागलं बगा."

"मग मला न्यायला आलात, भाऊजी?"

त्यांनी मान खाली घातली. "आई म्हनली, इतक्यात नको. पानी टिकतंय का बगू."

सुरुंगानं खडक फुटला म्हणून पाणी लागलं, हे त्या पोराला दिसत नव्हतं असं नाही. पहार मारायला तोही होताच. पण मी गेले आणि पाणी आलं, ही जोडणी जास्त सोपी होती. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं दिरांच्या हातात कपबशी दिली. या खेपेला तिनं सासूबाईंना एक शब्दही वाईट म्हटला नाही.

आमच्या म्हशीचं दूध मी यायच्या आधीपासूनच कमी होत चाललं होतं. चारा मिळत नव्हता, बिचारी देणार कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी चरवी घेऊन धार काढायला निघाले. लग्नाआधीपासून ते काम माझंच. आई गोठ्याच्या दारात आडवी आली आणि चरवी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे गं. आजपासून मी काढत जाईन."

बोलत माझ्याशी होती, बघत होती माझ्या पायांकडं.

सासूचं मी हसण्यावारी नेलं असतं, नवऱ्याचंही कधीतरी पोटात घातलं असतं. आईचं ते बघणं मला आजही सहन होत नाही. पुढं मी नगरला शिक्षिकेच्या कोर्साला नाव घातलं, वसतिगृहात राहायला जाते म्हणाले. दोन्ही घरांतून मला कुणीही अडवलं नाही.