गौरीची चूळ आणि माझे मेव्हणे

माझे थोरले मेव्हणे जिला घाबरले नाहीत अशी वस्तू पनवेल तालुक्यात तरी शिल्लक नसावी. कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते घरातल्या सगळ्यांना गॅलरीत काढत. सिलिंडर बदलायचा तर आधी देवापाशी दिवा लावत आणि मग गॅसच्या भीतीने तो लगेच विझवत. नवीन पनवेलमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर येताना जिन्यात भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे आडवे चढत. कठडा ठेकेदाराने बांधलाय, देवाने नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण एक हात भिंतीवर ठेवून.

नदीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. गाढी नदीकाठची भातशेतं भराव टाकून भराभर सपाट होत होती. नदीच्या वरच्या अंगाला तबेले, मधे वसाहती आणि सगळ्यांची गटारं नदीत. रविवारी ते मला काठावर नेऊन उभं करत आणि नदी ऐकेल अशा भीतीने हलक्या आवाजात म्हणत, "खाचरांत पाणी थांबायचं, त्यातलं शेणखत भात खायचं. आता सगळं हिलाच जेवायला. पोट भरलं तरी आपण वाढतोच आहोत." पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरायची, आणि ती कुजली की मासे वर येऊन तोंड वासायचे. ते पाहून आलं की मलाही जेवण जात नसे.

आणि हे गृहस्थ स्वतः नदीकाठच्या भरावावरच बंगला बांधून राहत होते. गुलाबाचं एक पान पिवळं पडलं की ते घाबरून लगेच ओंजळभर युरिया घालत. हिरवळीला निराळा. तोही पाऊस येण्याआधी, म्हणजे मुळं जळायला नकोत. ज्यांच्याकडून ती जमीन घेतली ते काका आता जीपमधून फिरत. एकदा कुंपणाशी थांबून म्हणाले, "आमी खत टाकायचो तवा बांध होता. तुमचा बांध कुटं हाय?" कंपाउंड आहे की, असं मेव्हण्यांनी त्यांना सांगितलं.

मेव्हण्यांकडे खड्यांच्या गौरी. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, नदीवर जायचं, खडे उचलायचे, नदीच्या पाण्याची चूळ तोंडात धरायची आणि गौर घरात बसेपर्यंत बोलायचं नाही की मागे पाहायचं नाही. एका वर्षी पावसाने चांगली उघडीप दिली होती. बंगल्यामागच्या पायऱ्यांवर वहिनी वाकल्या. मी ताम्हन धरून, मेव्हणे छत्री धरून. वहिनींनी चूळ भरली आणि तेव्हाच मेव्हण्यांना दिसलं, की सगळ्यात जाड हिरवी साय त्यांच्याच कुंपणाखालून येणाऱ्या चरीच्या तोंडाशी आहे, आणि वहिनी नेमक्या तिथेच वाकल्या आहेत.

ते पांढरेफटक पडले. "थुंक," म्हणाले. उभ्या जन्मात एक रीत न मोडलेला माणूस. वहिनींनी मान हलवली आणि चालू लागल्या. मागोमाग हे. "अगं, थुंक. मीच घातलंय ते खत त्यात. गौर मला विचारील, तुला नाही." वहिनींना वळता येत नव्हतं, उत्तर देता येत नव्हतं. नुसते गाल फुगलेले आणि डोळे मोठे झालेले. इतकी वर्षं ज्या भित्रेपणाला मी हसत होतो, तो त्या वाटेवर मलाही लागला.

वहिनींना काहीही झालं नाही. मेव्हणे मात्र आठवडाभर येताजाता त्यांच्या कपाळाला हात लावून पाहत होते. गुलाब गेले, हिरवळ गेली. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी बंगल्यापुढे बांध घालून भात लावलं, आणि शेजारीपाजारी मनसोक्त हसले. एका बंगल्याच्या भाताने नदी थोडीच सुधारणार होती. वरची शेतं एकेक करून इमारती झाली.

त्या वर्षीच्या गौरीला वहिनींनी खडे अंगणातल्या भरावातलेच उचलले आणि चूळ नळाची भरली. चार पावलांत गौर घरात आली. मेव्हणे मागच्या दाराशी नदीकडे बघत उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "गौर तिथे पायऱ्यांवर वाट बघत असेल हो. तिला कुणी सांगितलं नसेल."