पिवळ्या पट्ट्यासाठी मोडलेली शेवंती

आमच्या गावात विकास आराखडा कोणी वाचत नाही. तो ऐकतात. अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या या तालुक्याच्या गावी नगररचनेचे सगळे शिक्षण नगरपरिषदेसमोरच्या चहाच्या टपरीवर होते आणि तिथले प्राध्यापक प्लॉटचे दलाल असतात. मी वर्तमानपत्रात नगरपरिषदेच्या बातम्या लिहीत असे. त्यामुळे या विषयात माझे मत कोणी विचारत नसे.

माझ्या थोरल्या बहिणीचे वावर गावाच्या हद्दीला लागून आहे. ती आणि भाऊजी तिथे शेवंती आणि झेंडू घेतात. फुले अमरावतीच्या बाजाराला जातात. लग्न झाल्यापासून बहीण सासरच्या एकत्र घरात, दोन जावांच्या वेळा सांभाळून स्वयंपाक करत आली होती. वावरात रस्त्याच्या बाजूला दोन पक्क्या खोल्या बांधाव्यात आणि त्यातले स्वयंपाकघर फक्त आपले असावे, एवढीच तिची विकासाची कल्पना होती.

नवा आराखडा होणार अशी बातमी आली आणि रस्त्यावरचे सगळे शेतकरी रंगांबद्दल बोलू लागले. नकाशात पिवळा रंग म्हणजे राहण्याची जमीन, हिरवा म्हणजे शेती. आधी सर्वेक्षणवाले येऊन आज जमिनीवर काय आहे ते नोंदवतात. पुढे तिथे काय असावे, हे नंतर वेगळ्या नकाशात ठरते. टपरीवर मात्र हे दोन्ही नकाशे एकच झाले होते.

“वहिनी, सर्व्हेवाले आले अन् वावरात पीक दिसलं, का झाला तुमचा हिरवा झोन,” टपरीवरचा एक दलाल बहिणीला म्हणाला. “मंग बसा जिंदगीभर शेवंती तोडत.”

“मंग काय करा लागते?”

“काई नाई. साफ करून टाका. मोकळी जमीन दिसली का पिवळा मारतेत.”

मी सांगून पाहिले. “ताई, मोकळी जागा दिसली की सरकारला काय काय सुचतं, ते तुला माहीत नाही.”

“तू बातम्या लिव,” ती म्हणाली. “वावर आमी पायतो.”

शेवंती कळीवर होती. ती उपटली. रस्त्याने आणखी कोणी वांगी काढली, कोणी संत्र्याची लहान रोपे. वावरांत चुना लावलेले दगड रोवले गेले, रस्ते आखले गेले, आणि एकाने तर न झालेल्या वस्तीच्या नावाचा फलकही लावला. इतक्या एकजुटीने या रस्त्यावर कधी धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, भांडणही झाले नव्हते.

मागे राहिले फक्त शेजारचे चाचा. त्यांच्या वावरात मेथी उभी होती.

“चाचा, तुमी काहून नाई काढून रायले?” भाऊजींनी विचारले.

“काढतो ना बाप्पा. अकोल्याचा बाजार होऊ दे. मेथी काय नकाशाले खाऊ घालू?”

सर्वेक्षणवाले बाजाराच्या आधीच आले. माणसे प्रामाणिक होती. दिसले ते लिहिले. चाचांचे वावर: शेती. बाकी सगळे: मोकळी जागा.

यथावकाश आराखडा प्रसिद्ध झाला. गाव वाढणार म्हणजे क्रीडांगण लागणार, शाळा लागणार, भाजीबाजार लागणार. हे सगळे कोणाच्या घरावर टाकता येत नाही, म्हणून मोकळ्या जागांवर टाकतात. आमच्या रस्त्याला एका फटक्यात सर्व नागरी सुविधा मिळाल्या. बहिणीच्या वावरावर उद्यानाचे आरक्षण पडले.

हरकतींची सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. बहीण उभी राहिली.

“जागा मोकळी होती, म्हणून आरक्षण दिलं,” अधिकारी शांतपणे म्हणाले.

“मोकळी नव्हती साहेब. आमीच केली.”

“का?”

“पिवळी व्हावी म्हणून.”

सभागृह हसले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हेच केले होते.

“आधी काय होतं तिथे?”

“शेवंती. झेंडू. बांधावर मोगरा. विहिरीले पाणी हाये बारमाही.”

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. “म्हणजे उद्यानासाठी जागा योग्यच आहे.”

आरक्षण कायम राहिले. भूसंपादनाला नगरपरिषदेकडे पैसा नाही, त्यामुळे उद्यान होत नाही. आरक्षण आहे, त्यामुळे खोल्याही होत नाहीत. शेती करायला मात्र हरकत नाही. बहिणीने पुन्हा शेवंती लावली.

चाचांचे वावर हिरवे राहिले. हिरव्या पट्ट्यात पुरेशी जमीन असलेल्या शेतकऱ्याला अटी पाळून शेतघर बांधता येते. बहिणीची जमीनही तेवढी होती, पण हा नियम टपरीच्या अभ्यासक्रमात नव्हता. चाचांनी दोन खोल्या बांधल्या आणि आम्हाला जेवायला बोलावले. बहीण त्यांच्या स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. ओट्यावरची खिडकी तिने उघडून पाहिली, पुन्हा लावली.

“चाचा, तुमाले बरे नियम मालूम होते.”

“कायचे नियम, बाई? बाजार आधी भरला असता, तं मीबी तुमच्यासंगं सुनावणीले असतो.”

आता पलीकडच्या कॉलनीतली मंडळी सकाळी बहिणीच्या वावरातून फिरतात. आराखडा त्यांनीही ऐकला आहे. परवा एक सद्गृहस्थ पूजेसाठी शेवंती तोडत होते. बहिणीने त्यांना हटकले.

“बाई, हे आमचं उद्यान आहे,” ते म्हणाले. “कर भरतो आम्ही. कधी सुरू होणार, तेवढं सांगा.”

बहिणीने त्यांच्या हातातली फुले काढून आपल्या टोपलीत टाकली.

“माह्या दोन खोल्या झाल्या का, लगेच.”