स्कोअर मोठ्यानं सांगायचा

माझी मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत परक्या माणसासमोर बोलत नसे. बोलताना अडखळायची, म्हणून गप्पच राहायची. यवतमाळात लहान मुलांचं टेनिस सुरू झालं, तेव्हा मी तिला तिथं घातलं. खेळात बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं. पण तिथल्या सरांचा नियम होता, सर्व्हिस करणाऱ्यानं आधी स्कोअर मोठ्यानं सांगायचा. सुरुवातीला ती नुसती पुटपुटायची. सर म्हणायचे, "मले ऐकू नाही आलं, बेटा. सावकाश सांग, आम्ही थांबून राह्यलो." आणि खरंच सगळे थांबायचे.

दिवाळीनंतर कळंबच्या एका मुलीशी तिचा सामना झाला. त्या मुलीनं चुकून स्वतःचा एक पॉइंट जास्त सांगितला. मी जाळीबाहेरून बोलणार, तेवढ्यात माझी लेक नेटपाशी गेली.

"थ... थर्टी ऑल आहे. तू फॉ... फॉर्टी म्हणून राह्यली."

समोरचीनं जरा आठवून पाहिलं आणि म्हणाली, "हो, बरोबर आहे तुझं."

सामना माझी लेक हरली. पण येताना स्कूटरवर माझ्या मागे बसून तिनं मला प्रत्येक गेम सांगितला, अडखळत, पण न थांबता. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गाडी नेली.