खोडलेली खिडकी

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वस्तीतल्या सुमनमावशींच्या घराची खिडकी खोडली गेली. घर अजून उभंही नव्हतं. मावशींनी मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने दोन खोल्या आखल्या होत्या, प्रत्येकीला एक खिडकी, आणि चुलीच्या जागेसमोर तिसऱ्या खिडकीच्या दोन खुणा केल्या होत्या. आयुष्यभर धुरात खोकलेल्या बाईला तेवढंच हवं होतं.

घरकुल योजनेतून खर्चाचा अंदाज काढायला आलेले सरकारी साहेब त्या रेघा बुटांनी पुसत फिरले. "दोन खोल्यांना तीन खिडक्या? बंगला बांधताय का मावशी?" असं म्हणत हसले आणि कागदावर चुलीसमोरच्या खिडकीवर फुली मारली.

"मग दार कमी करा साहेब," मावशी म्हणाल्या. "मी खिडकीतून ये-जा करीन."

या साहेब लोकांना सिमेंट, वाळू, सळई यांचे हिशेब तोंडपाठ असतात. घरातलं माणूस श्वास घेतं, हे मात्र यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. साधं घर म्हणजे गुदमरायला पुरेल एवढं घर, हाच यांचा अंदाज!

साहेब गेल्यावर मावशींनी पुन्हा फक्की ओढली. सगळ्यात आधी खिडकीच्या खुणा केल्या.

आज फोडणी देताना तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवा. ठसका लागला, की येत्या सोमवारी मावशींची खिडकी परत मागायला आमच्याबरोबर त्या साहेबांच्या कार्यालयात या.