डिस्कवर न उतरलेला आकडा

किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या आमच्या कचेरीत बुरुलचा एजेचं, म्हणजे बुरुलचाताईचं, टेबल माझ्या शेजारी. वर हिमनदीच्या तोंडाशी साठणाऱ्या तळ्याची मापं तिच्याकडे यायची. संगणकाची डिस्क मरायला टेकलेली. फाइल तिच्यावर लिहून परत वाचायची तर तळं कधी फुटेल या हिशेबाला दोन तास लागत. म्हणून एजे डिस्कच्या वाटेला जायचीच नाही. मापं आली की फाइल सरळ मेमरीतच उभी करायची. नऊ मिनिटांत उत्तर.

"आणि वीज गेली तर?" मी एकदा विचारलं.

"तळ्याला जाऊन सांग, दोन तास दम धर म्हणावं."

जुलैतल्या एका दुपारी उत्तर आलं, तळं संध्याकाळच्या आत फुटणार. एजेने तळ्याखालच्या काश्का-जार गावाच्या प्रमुखाला, एसेनबेकला, फोन लावला. गवताची कापणी टाकून सगळं गाव टेकडीवर चढलं. इकडे तासाभरात वीज गेली आणि मेमरीतलं सगळं पुसलं गेलं, आलेली मापंसुद्धा.

तळं फुटलं नाही. बर्फाखालून वाट काढून पाणी हळूहळू उतरलं. पण चढणीवर एसेनबेकच्या म्हाताऱ्या आईचा श्वास कोंडला. ती तिथेच गेली.

आठवड्याने तो आला. आवाज चढवला नाही, टोपी हातात धरून उभा राहिला.

"एजे, तो आकडा दाखवा. आईला कशापायी चढवलं, एवढं बघू द्या."

"नाही माझ्याकडे. लिहिलाच नव्हता."

"म्हणजे नुसतं तुमच्या तोंडचं?"

 तो गेल्यावर एजे मला म्हणाली, "चुकले असते तरी चाललं असतं गं. चुकले की नाही, हेच आता कळायचं नाही."

म्हातारीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला एजे एकटी गेली. एसेनबेकने भाकरी तोडून तिच्या हातात दिली.

"पुन्हा तसा आकडा आला, तर फोन करा," तो म्हणाला. "मी उचलीन. लोक चढतील का, ते नाही सांगत."

हिशेब ती अजून मेमरीतच करते. पण मापं आली की आधी पेन ड्राइव्हवर उतरवते. त्याला सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिचा हात फोनवर असतो आणि तिच्याशी कुणी बोलत नाही.