घरच्या माणसाचा रकाना

“लाज चपलांसंगं भायेर सोडा, मग आत या,” असं म्हणत अक्का पिशवीतून निरोधची पाकिटं आणि लाकडी नमुना काढायची, जेवणाचा डबा उघडावा इतक्या सहज. नवख्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे, तोंड वहीत घालून.

सोलापुरात धंदा करणाऱ्या बायकांना एचआयव्हीपासून कसं वाचायचं ते शिकवणं, हे तिचं काम. तीही त्यांच्यातलीच. त्या शिकवण्याचा उपयोग किती होतो ते तपासणं, हे माझं. मी जुळे सोलापूरहून स्कूटीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन जायचे आणि स्वतःला फार महत्त्वाची समजायचे.

दुसऱ्यांच्या दुखण्याला धावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला लागण निघाली की अक्का तिचा हात धरून दवाखान्याच्या खिडकीपाशी न्यायची. “रोज गोळी घे, म्हातारी हुशील,” असं बजावायची. तिने नेलेल्या कित्येक जणी आज ठणठणीत आहेत.

एकदा मी तिचीही प्रश्नावली भरली. गिऱ्हाइकांबद्दलची उत्तरं तिने फडाफडा दिली. मग प्रश्न आला, घरच्या माणसाबरोबर निरोध वापरता का? ट्रक चालवणारा एक जण तिच्याकडे बरीच वर्षं येऊन राहायचा.

“मालक हाय त्यो माजा. त्येला कसं म्हनू? इस्वास न्हाय म्हनल्यावानी हुतंय की. फुडं चला.”

मी पुढे गेले. ‘नाही’ लिहायला जीव होईना, म्हणून ‘होय’वर खूण केली. आणखी किती जणींच्या रकान्यात अशी केली, ते विचारू नका. अहवालात कार्यक्रम परिणामकारक ठरला. बैठकीत टाळ्या वाजल्या, सगळ्यात जोरात अक्काच्या.

पुढच्या तपासणीत अक्कालाच लागण निघाली. चहाच्या टपरीवर तिने मला सांगितलं आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली.

“उद्याच गोळ्या सुरू करू,” मी म्हटलं.

“त्या खिडकीपाशी मी समद्यांना न्हेलंय, मॅडम. आता मीच तितं हुबी ऱ्हायले, तर माजं कोन ऐकंल?”

कुर्डुवाडीला जाऊ, पुण्याला जाऊ, मी सगळं सुचवलं. ती हो म्हणायची आणि ठरल्या दिवशी यायचीच नाही. मी रागावले, रडले, हातसुद्धा जोडले. तिने माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

मग ती अक्कलकोटकडे बहिणीच्या गावी राहायला गेली. मी भेटायला गेले तेव्हा पार वाळली होती. तरी एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली.

“अक्का, गोळ्या घेता ना?”

“व्हय, रोज घेते की.”

इतक्या झटकन आलेलं ‘व्हय’ मला चांगलं ओळखू येतं. तसलीच उत्तरं लिहून घेत माझी नोकरी चालली होती. एसटी आली आणि मी चढले.

थंडी सरता सरता बहिणीचा फोन आला. अक्का गेली होती. बहीण बराच वेळ रडली.

“तुमी दवाखान्याच्या कामातल्या,” ती शेवटी म्हणाली. “तिला काय झालतं, मॅडम? आमाला कायच बोलली न्हाय.”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.